रापणीच्या घेऱ्यात कयाक: आधी वाट कोणाची?

तापीकाठचा गळ (जळगाव)

गेल्या आठवड्यात गळवाल्यांच्या गटांमध्ये एक व्हिडिओ फिरला. आपल्याकडचीच पोरं, पिकअपवर कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी नाव) बांधून सिंधुदुर्गात गेलेली. किनाऱ्यावर रापण ओढणं चालू आहे आणि दोन कयाक थेट घेऱ्याच्या आत. काठावरून हाका, मग आरडाओरडा, शेवटी वाळूवर बाचाबाची. त्याखाली आपल्या लोकांचे दोन तट पडले. एक म्हणतो, "समुद्र काय यांच्या सातबाऱ्यावर चढलाय?" दुसरा म्हणतो, "परत जा आणि माफी मागा."

माझं मत सांगतो. ज्याचं जाळं पाण्यात आहे, त्याला आधी वाट. समुद्रात, आणि आपल्या हतनूर धरणातही.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: दोराचं एक टोक काठावर धरून होडी आत जाते, जाळं अर्धगोलात सोडत फिरते आणि दुसरं टोक घेऊन काठाला लागते. मग दोन्हीकडून माणसं ओढायला लागतात. त्यात म्हातारे असतात, बाया असतात, शाळकरी पोरंही असतात. घेर हळूहळू आवळत जातो. जाळ्याची वरची कड तरंगत्या गोळ्यांवर उभी असते. कयाक तिच्यावरून गेली की ती कड दबते, आणि बांगड्याचा थवा नेमका तिथून बाहेर पडतो. वल्ह्याच्या फटक्याने मासळी बुजते ती वेगळीच. त्या ओढीवर वीस-तीस घरांचा वाटा असतो. आपल्याला मात्र फोटोपुरती एक सुरमई हवी असते.

कयाक चार वल्ह्यांत बाजूला होते. टाकलेलं जाळं जागचं हलत नाही. म्हणून सरकायचं ते आपण. काठावर दोर धरून माणसं उभी दिसली की तिथून कयाक पाण्यात लोटायची नाही. ओढ संपेपर्यंत थांबायचं, जमलं तर दोराला हात लावायचा. नाहीतर गाडी काढून पुढच्या किनाऱ्याला जायचं. कोकणात किनाऱ्यांना तोटा नाही.

सागरी फिरस्ता (धुळे)

भाऊ, रापणीचं पटलं. घेऱ्यात शिरणं चूकच. पण त्यावरून तुम्ही "जाळंवाला आधी" असा सरसकट नियम करताय, तो मला मान्य नाही.

समुद्रावर सगळ्यात दुबळा कोण? कयाकवाला. पाण्यापासून हातभर उंच बसलेला. लाट आडवी आली की शंभर पावलांवरच्या बोटीलाही तो दिसत नाही. इंजिनाच्या होड्या आमच्या गळाच्या दोरीवरून सरळ जातात. मागे भगवा झेंडा उंच लावला तरी वेग कमी करत नाहीत. खाडीच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत जाळं ताणलेलं असतं, जायला फट नसते. त्याला कोणी शिष्टाचार विचारत नाही. आम्ही एका वेळी एक मासा धरतो, लहान असला तर सोडतो. तरी दरवेळी पाहुणा म्हणून मान खाली घालायची ती आम्हीच?

शिष्टाचार दोन्हीकडून असेल तरच तो शिष्टाचार. एकतर्फी असेल तर ती नुसती मुभा झाली.

नियमाचं बोला (मूळ अमळनेर, नोकरी मुंबई बंदराजवळ)

दोघांनीही कायदा बाजूला ठेवलाय, म्हणून थोडं मांडतो.

समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 चे आहेत आणि भारत ते पाळतो. त्यात 'मासेमारीत गुंतलेली नौका' म्हणजे जिच्या जाळ्यामुळे किंवा दोरांमुळे तिला मोकळेपणी वळता येत नाही अशी नौका. इंजिनाच्या आणि शिडाच्या नौकेने तिला वाट द्यायची. मागे गळ ओढत फिरणारी नौका या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेली आहे. म्हणजे सुरमईसाठी मागे दोरी सोडून वल्हवणारा कयाकवाला "मी मासेमारी करतोय, मला वाट द्या" असं म्हणू शकत नाही.

आता धुळ्याच्या भाऊंच्या बाजूचं. आजूबाजूला सतत नजर ठेवणं त्याच नियमांत प्रत्येक नौकेवर बंधनकारक आहे, इंजिनाच्या होडीवरसुद्धा. कयाकवर मारलेली मुसंडी "दिसला नाही" म्हणून माफ होत नाही. पण अंधारात वल्ह्यावर चालणाऱ्या नावेने निदान पांढरा दिवा हाताशी ठेवायचा आणि टक्कर टाळण्यासाठी तो वेळेत दाखवायचा, हेही तिथेच लिहिलंय. पहाटे निघणाऱ्या किती जणांकडे बॅटरी असते?

आणि गंमत नाही, खरी अडचण सांगतो. रापण काठावरून ओढली जाते. होडीचं काम संपलेलं असतं, त्यामुळे नौकांचा नियम तिथे नीट बसतच नाही. तिथे चालते ती गावाची रीत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा 1981 चा आहे. किनाऱ्यालगतचा पट्टा यांत्रिक बोटींच्या तडाख्यातून पारंपरिक मच्छीमारांसाठी वाचवणं, हा त्याचा एक हेतू. कयाक यांत्रिक नाही हे खरं, पण कायद्याचा हेतू कळत असेल तर त्या पट्ट्यात आपण कसं वागायचं हे वेगळं सांगायला लागू नये.

भोईवाडा (भुसावळ तालुका)

समुद्राचं तुम्ही बघा. मी हतनूरचं सांगतो, कारण जळगाव-भुसावळची ही पोरं सराव आमच्याच पाण्यात करतात.

आमच्यात म्हणतात, "पानी कोना बापनं नही, पन जायं कोनं तरी शे." म्हणजे पाणी कोणाच्या बापाचं नाही, पण जाळं कोणाचं तरी आहे. आमचं तंगूसाचं (नायलॉनच्या बारीक दोऱ्याचं) जाळं संध्याकाळी पडतं आणि पहाटे उचलतं. टाकणारा थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर ट्यूबवर बसून, हातानेच पाणी मारत जातो. जाळ्याच्या दोन टोकांना रिकाम्या बाटल्या बांधलेल्या असतात, मधलं काही दिसत नाही. आता पायाने मारायच्या पायडलच्या कयाक आल्यात. खालच्या पात्यात तंगूस गुंतलं की बसल्या जागी सुटत नाही. मग माणूस चाकू काढतो, कापतो आणि निघून जातो. पहाटे आम्ही जाळं उचलतो तेव्हा मधोमध माणूस जाईल एवढं भगदाड. ते विणायला घरातली बाई दोन दिवस बसते. जाळं नाही त्या दिवसांची कमाई नाही.

शिवाय धरणातला मासा आपोआप येत नाही. मच्छीमार सोसायटी ठेका घेते, पैसे भरून रोहू, कटला, मृगळची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडते. तो मासा शेतात उभ्या पिकासारखाच आहे, बांधावरून जाणाऱ्याने कणीस मोडायचं नसतं. विचारून एखाददुसरा धरला तर आमच्यात कोणी नाही म्हणत नाही. पण विचारत कोणी नाही.

अजून एक. पावसाळ्यात कडेच्या गवतात मरळीची पिल्लं लालसर झुबक्याने वर येतात, श्वास घेतात, खाली जातात. खाली आई-बाप राखणीला असतात. गळवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. त्या झुबक्यावरूनच गळाचा रबरी बेडूक ओढतात, कारण राखणारी मरळ रागाने हमखास झडप घालते. फोटो काढून ती सोडली तरी तेवढ्या वेळात बाकीचे मासे पिल्लं खाऊन टाकतात. एक मासा धरला असं म्हणू नका. शेकडो गेले.

सागरी फिरस्ता (धुळे)

आबा, मरळीचं तुमचं शंभर टक्के खरं. पिल्लांवर बेडूक टाकणाऱ्याला मी गटातून बाहेर काढीन.

पण चाकूचं ऐका. तुम्ही म्हणता तो माणूस जाळं कापून पळाला, तसे असतीलही. वारा सुटलाय, पात्यात तंगूस अडकलंय आणि लाटा मागून मारतायत, अशा वेळी कयाक आडवी होते आणि मिनिटात उलटते. तिथे चाकू काढायचाच, जीव आधी. चूक त्यानंतर होते. काठावर येऊन जाळ्याचा मालक शोधायचा, झालेलं सांगायचं आणि भरपाई द्यायची. ते करत नाहीत हे वाईट.

आणि बाटल्यांचा रंग? पाण्याच्याच रंगाच्या बाटल्या, त्याही दोन टोकांना. मध्ये चार-पाच लाल डबे बांधले तर तुमचं जाळं वाचेल आणि आमचा जीवही. हे मागणं अति आहे का?

भोईवाडा (भुसावळ तालुका)

अति नाही. पण लाल डबे दिसले की जाळं चोरीला जातं, हेही लक्षात घ्या. म्हणून खुणा बारीक ठेवतात. डबे आम्ही लावू, पण पाण्यावर कोण येतं हे आम्हाला आधी कळलं पाहिजे.

पहाटेचं वाघूर (जळगाव)

सगळे जाळं विरुद्ध कयाक बोलताय. कयाकवाले एकमेकांशी कसं वागतात ते कोणी काढलंच नाही. मी बाई म्हणून या छंदात आले, तर मच्छीमारांपेक्षा जास्त त्रास मला आपल्याच लोकांनी दिलाय.

एखाद्याच्या गळाला मासा लागला की बाकीचे वल्हं मारत त्याच्या अंगावर येतात. अरे, त्याची दोरी कुठे चाललीय हे त्यालाच माहीत नसतं! मासा ओढत असेल त्याच्या आसपासच्यांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळायच्या आणि बाजूला व्हायचं. मागे गळ ओढत चाललेल्याच्या पाठीमागून कधी आडवं जायचं नाही, दोरी तीस मीटर लांब असू शकते. आडवं जायचंच असेल तर त्याच्या पुढून, हाक मारून. नांगर टाकून बसलेल्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला जाऊन वाहत यायचं नाही, कारण वारा तुम्हाला थेट त्याच्या मांडीवर आणून घालतो. दोघांनी गळ फेकला तरी मध्ये मोकळं पाणी उरलं पाहिजे, तेवढं अंतर.

आणि जागा फोडणं. समुद्रातला एखादा खडक तिथला म्हातारा तांडेल (होडीचा प्रमुख) तुम्हाला विश्वासाने दाखवतो. डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून त्याच्या बापाने ती जागा शोधलेली असते. आपला माणूस तिथे मोबाइलवर खूण टाकतो आणि रात्री दोनशे जणांच्या गटात पाठवतो. पुढच्या रविवारी तिथे वीस कयाक. मला याच्यापुढे रापणीच्या घेऱ्यात शिरणंसुद्धा छोटा गुन्हा वाटतो, कारण घेऱ्यात माणूस नकळत शिरू शकतो. खूण पाठवणारा जाणूनबुजून पाठवतो.

नियमाचं बोला (मूळ अमळनेर, नोकरी मुंबई बंदराजवळ)

ताई, जागा फोडण्याबद्दल थोडं वेगळं मत. धोक्याचे खडक, ओहोटीला उघडे पडणारे दगड, खाडीच्या तोंडावर पाणी उसळतं ती जागा, हे सगळ्यांना सांगायलाच हवं. खान्देशातून जाणाऱ्याला भरती-ओहोटीची सवय नसते. धरणातलं पाणी सकाळी असतं तिथेच संध्याकाळी असतं. खाडीत ओहोटी लागली की कयाक बाहेर खेचली जाते, वल्हं मारून परत येता येत नाही. माशाची जागा लपवा, धोक्याची नको.

उकाईचं पाणी (नवापूर)

आमच्याकडचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. उकाई धरण गुजरातमध्ये, 1972 चं. पाणी मात्र आमच्या तालुक्यापर्यंत आलं. जमीन बुडाली त्यांच्यापैकी कित्येक घरं त्याच पाण्यावर मासे धरून जगतात. शेत गेलं त्या जागेवरच जाळं टाकतात. अशा पाण्यावर येऊन कोणी "पाणी सगळ्यांचं" म्हणालं की कसं वाटत असेल, विचार करा.

धुळ्याचे भाऊ दोन्हीकडून शिष्टाचार मागतात. तो मागायला आधी ओळख लागते. आमच्या काठावर येणारे गळवाले गाडीतून उतरतात, कयाक लोटतात, संध्याकाळी गाडीत बसून जातात. गावात कोणाला राम राम नाही, चहा नाही, जाळी कुठे पडलीत ही विचारपूस नाही. विचारलं असतं तर पोरगा सोबत दिला असता.

तापीकाठचा गळ (जळगाव)

फिरस्ता भाऊ, इंजिनाच्या होड्यांबद्दल तुमचा राग रास्त आहे, त्यांच्याविरुद्ध मी तुमच्यासोबत उभा राहीन. पण त्या होडीचा हिशेब रापणवाल्यांकडून वसूल करायचा नाही. आपल्याला धडक देणारा वेगळा, आपण ज्यांची ओढ मोडतो ते वेगळे.

भोईवाड्याच्या आबांना एक विचारायचंय. हतनूरला जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी सोसायटीत सांगायचं, कोणत्या बाजूला जाळी आहेत ते ऐकून घ्यायचं आणि उजाडून जाळी उचलली गेल्याशिवाय कयाक लोटायची नाही, एवढं आम्ही ठरवलं तर चालेल का? पायडलवाल्यांनी जाळ्याच्या भागात पातं वर घेऊन वल्ह्यावरच जायचं. हिवाळ्यात चक्रवाक आणि बाकीची बदकं उथळ पाण्यात बसतात, ती बाजूही सोडायची. पक्षी बघणाऱ्यांशीही आपलं वाजायला नको.

भोईवाडा (भुसावळ तालुका)

चालेल. पण फोनवर नको, येऊन सांगा. आणि श्रावण संपेपर्यंत मरळीला हात नाही.

सागरी फिरस्ता (धुळे)

हतनूरसाठी मला मान्य. तिथे सोसायटी आहे, ठेका आहे, विचारायला माणूस आहे. समुद्राबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. किनाऱ्याजवळ रापण, डोल (प्रवाहात बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं), खाडीतलं जाळं, सगळ्यांना आधी वाट, कबूल. पण किनारा मागे पडून मोकळं पाणी लागलं की तिथे मी पाहुणा नाही. तिथे इंजिनवाल्याने मला बघूनच वळायचं. तुम्हाला हे चुकीचं वाटत असेल तर नेमकं कुठे ते सांगा, कारण दिवाळीनंतर आमची गाडी पुन्हा कोकणात निघतेय आणि सोबतच्या नव्या पोरांना काय सांगायचं ते मला त्याआधी ठरवायचंय.