गुळवेल लावली म्हणजे वैद्य झालात का?

कुंडीवाली
गेल्या आठवड्यात इथे एकाने लिहिलं, 'गच्चीत पंधरा दुर्मिळ वनौषधी लावा, दवाखान्याची पायरी चढावी लागणार नाही.' खाली नुसते हात जोडलेले. चार दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. माझ्याकडेही अडुळसा, निर्गुंडी, पिंपळी, वेखंड आहे. लावण्याला ना नाही. 'गुळवेलीचा काढा रोज अनशापोटी कपभर' याला आहे. करोनात माझ्या मोठ्या दिरांनी सोसायटीच्या कुंपणावरची वेल सात महिने उकळून प्यायली. दिवाळीत डोळे हळदीसारखे पिवळे. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये असेच सहा रुग्ण नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालय म्हणालं, वनस्पती नीट ओळखलेली नाही, दुसरी जात असेल. पुढच्या वर्षी 13 केंद्रांतून 43 रुग्ण पुढे आले. काहींनी घेतलेली वनस्पती तपासली तर ती खरी गुळवेलच निघाली.

माती_आणि_मी
सात महिने! ताई, यात वेलीचा काय दोष? मात्रा म्हणून काही असतं. पॅरासिटामॉलनेही लिव्हर जातं, ते केलंय का कुणी बंद? आमची आज्जी दारच्या वेलीचा काढा तापात तीन दिवस द्यायची. 91 वर्षं जगली.

कुंडीवाली
पॅरासिटामॉलच्या पाकिटावर 500 मिलिग्रॅम छापलेलं असतं. तुमच्या वेलीवर कुठे छापलंय ते दाखवा. आणि आज्जी तीन दिवस द्यायची हे तुम्हीच लिहिलंत. माझं वेगळं काय म्हणणं आहे?

निवृत्त_मास्तर
मूळ पोस्टमधला 'ब्राह्मी'चा फोटो मंडूकपर्णीचा आहे. इतक्या जणांनी हात जोडले, एकालाही कळू नये?

सांगलीकर
मास्तर, आमच्याकडे हिलाच ब्राह्मी म्हणतात. आईच्या तेलात हीच पडायची.

निवृत्त_मास्तर
पडत असेल. गोल, कातरलेल्या कडेचं, लांब देठाचं एकटं पान ती मंडूकपर्णी. ब्राह्मीचं पान बोटाच्या पेरापेक्षा लहान, जाडसर, देठ जवळजवळ नाहीच, फूल पांढरट जांभळं. चूक पिढ्यान् पिढ्या केली म्हणून बरोबर होत नाही.

सांगलीकर
म्हणजे आमची आई चूक. छान. आता गावोगाव फिरून पाट्या लावा.

बेंगळुरूची_सून
भांडू नका. इथे सासूबाई मंडूकपर्णीला ओंदेलग म्हणतात आणि ताकात वाटून तंबुळी करतात. भाताबरोबर मस्त लागते. बुद्धी वाढते का विचाराल, तर नवरा लहानपणापासून खातोय. पुढचं तुम्ही समजून घ्या.

गच्चीतला_गडी
मी तीनदा 'ब्राह्मी' विकत आणली, तिन्ही वेळा वेगळं रोप. तिसरं चक्क घोळ निघालं. डाळ घालून भाजी केली. नर्सरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, 'साहेब, पिशवीवर लिहिलंय ना!' चौकशी या लोकांची करा.

निवृत्त_मास्तर
हेच तर सांगतोय! पण आमच्या बोलण्याने लोकांच्या आया दुखावतात.

सांगलीकर
आई काढायची नाही, मास्तर.

माती_आणि_मी
विषय गुळवेलीचा होता. कुंडीवाली ताई, अडुळसाही उपटून टाकता का मग? खोकल्याचं औषध ब्रोम्हेक्झिन त्यातल्याच द्रव्यावरून आलं.

कुंडीवाली
आलं ना. गोळीत ते मोजून असतं. मूठभर पानांत किती, सांगा. आणि अडुळसा गरोदर बाईने घेऊ नये, हे त्या पोस्टमध्ये कुठे होतं? माझी भाची पाचव्या महिन्यात खोकल्यावर घेणार होती, पोस्ट वाचूनच.

माती_आणि_मी
बरं, हे लिहायला हवं होतं. झालं समाधान?

कुंडीवाली
अर्धं. तुमच्या वेलीचं खोड बघून या. गुळवेलीची साल कागदासारखी पातळ सुटते. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात, काटे गुळवेल, असेल तर खोडभर पुटकुळ्या असतात.

माती_आणि_मी
आज्जीच्या वेलीवर शंका घेता?

*(वीस मिनिटांनी)*

माती_आणि_मी
बघितली. पुटकुळ्या आहेत. आज्जीची वेल कंपाउंड बांधताना तुटली, ही दोन वर्षांपूर्वी प्रदर्शनातून आणली होती. फोटो टाकतोय. मास्तर, तुम्ही काही बोलू नका.