नियम हवेत, पण ते इतरांसाठी?

प्रश्न
रस्ता सुरक्षेविषयी कोणालाही विचारले, तर वेगमर्यादा पाळली जावी, हेल्मेट सक्तीचे असावे आणि दंड कडक असावा, असेच उत्तर मिळते. परंतु तीच व्यक्ती घाईत असली की सिग्नल मोडते आणि वर ‘रस्ता मोकळाच होता’ असे सांगते. नियम तर सर्वांना ठाऊक आहेत. मग ही वृत्ती प्रबोधनाने बदलते, की केवळ दंडाच्या धाकाने?

प्रतिसाद १
मुळाशी फाजील आत्मविश्वास आहे. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांच्या १९८१ च्या अभ्यासात बहुसंख्य चालकांनी स्वतःला इतरांहून अधिक कुशल आणि सुरक्षित ठरवले होते. (शेजारच्या आसनावर बसल्यावर मात्र आपल्याला प्रत्येक चालक बेफाम वाटतो!) शंभर वेळा नियम मोडूनही काही बिघडले नाही, की नशिबाचे श्रेय आपण कौशल्याला देतो, आणि थोडक्यात वाचलोच, तर ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे म्हणून मोकळे होतो, त्यामुळे चूक कोणाची होती हा प्रश्न उरतच नाही.

प्रतिसाद २
धाकाला कमी लेखू नये. तीन ठिकाणी अडकवायचा सीटबेल्ट १९५९ पासून मोटारींत बसवला जाऊ लागला, तरी तो लावणे बराच काळ ऐच्छिक राहिले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये तो सक्तीचा केला, आणि पुढे अनेक देशांनी तोच मार्ग धरला. आज पट्टा न लावता बसणे ज्यांना अवघडल्यासारखे वाटते, त्यांच्यात आधी सवय आली आणि मत मागाहून बदलले. मात्र दंडाच्या रकमेपेक्षा आपण पकडले जाणारच, ही खात्री अधिक परिणामकारक ठरते.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही मते मान्य करूनही मला वाटते, की सारा भार चालकाच्या वृत्तीवर टाकणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना एक सेकंद लक्ष विचलित झाले, तर वाहन सुमारे १७ मीटर पुढे गेलेले असते, आणि असा सेकंद सज्जन चालकाच्याही वाट्याला येतो. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या ‘व्हिजन झीरो’ धोरणाने माणूस चुकणारच हे गृहीत धरले आणि त्या चुकीपायी कोणाचा जीव जाऊ नये, अशी रस्त्यांची रचना करण्याची जबाबदारी ते बांधणाऱ्यांवरही टाकली.

प्रश्नकर्ता
तिसऱ्या प्रतिसादातील मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तरीही शंका उरते: वेग कमी करणाऱ्या गतिरोधकाला आणि अरुंद केलेल्या रस्त्याला सर्वाधिक विरोध आपणच करतो ना?