पोटावरचं कळा मोजायचं यंत्र घ्यावं का? (जत तालुका)

जतकर: मंडळाच्या वर्गणीतले पैसे उरलेत. मला वाटतं, आरोग्य केंद्राला कळा मोजणारं यंत्र द्यावं. सुई नाही, आत काही घालणं नाही. पोटावर इलेक्ट्रोड चिकटवले की गर्भपिशवीच्या स्नायूंतले विजेचे संकेत टिपले जातात. माझ्या बहिणीची सातव्या महिन्यात कंबर भरून यायची. घरचे म्हणाले, कामानं दुखतंय. मिरजेच्या वाटेवर जीपमध्येच मोकळी झाली. बाळ अकरा दिवस पेटीत होतं, मग गेलं. आधी कळलं असतं तर?

मिरजेची सिस्टर: दादा, फार वाईट झालं. तरीही मी नको म्हणेन. १९९८ साली अमेरिकेत २,४२२ गरोदर बायांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींशी नर्स आठवड्यातून एकदा बोलायची, काहींशी रोज, आणि काहींना रोजच्या बोलण्याबरोबर घरी पोटावर बांधायचा कळा मोजणारा पट्टाही दिला होता. ३५ आठवड्यांआधीची बाळंतपणं कुठल्याच गटात कमी झाली नाहीत. पट्टेवाल्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या तेवढ्या वाढल्या.

जतकर: ते जुने पट्टे पोट किती कडक होतं एवढंच सांगायचे. मी विजेच्या संकेतांचं बोलतोय.

मिरजेची सिस्टर: फरक आहे, मान्य. खऱ्या-खोट्या कळा ओळखायला ते कामी येईल अशी आशा मलाही आहे, पण अजून ते संशोधनातच जास्त आहे. आणि कळलं तर पुढे काय? डेक्सामेथासोन इंजेक्शनचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. बाळाची फुफ्फुसं त्यानं तयार होतात. पहिला डोस देऊन पुढे पाठवायची मुभा एएनएमला, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सला, २०१४ पासून आहे. ते इंजेक्शन आणि रात्रीची गाडी आधी बघा. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या तोंडाची लांबीही मोजून घ्या. २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर बाळंतपण वेळेआधी होऊ नये म्हणून प्रोजेस्टेरॉन हे औषध देता येतं.

वाळव्याचा मास्तर: सिस्टर, सोनोग्राफी कुणाची? आमच्याकडे बीडहून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पोटुशी बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढते. तिचं कार्ड गावाकडं, पाचवा महिना फडातच सरतो. तिच्या खोपीपर्यंत आशाताईच्या पिशवीतून एखादं यंत्र जाणार असेल, तर मी जतकरांच्या बाजूचा.

मिरजेची सिस्टर: मास्तर, तिला यंत्राआधी मोळीपासून सुट्टी हवी. पोट घट्ट होऊन सुटतंय, कंबर धरतेय, अंगावरून पाणी जातंय, एवढं मुकादमाच्या बायकोला जरी सांगून ठेवलं तरी रात्र वाया जाणार नाही.

जतकर: उपकेंद्रात डेक्सा आहे का, उद्या सकाळी विचारून येतो. नसेल तर पहिले पैसे त्याला. यंत्राचा विषय मी सोडलेला नाही. बहिणीला पुन्हा दिवस गेलेत.