शाळेच्या प्रकल्पात इंटरनेटवरचे संदर्भ चालवावेत का?

शाळामास्तर: नववीच्या सात मुलांनी प्रकल्पात ब्रिटिश अधिकारी मेकॉलेचं एकच अवतरण दिलंय. भारतभर फिरलो, पण एक भिकारी की चोर दिसला नाही. २ फेब्रुवारी १८३५, ब्रिटिश संसद. खाली सात वेगळ्या साइटचे पत्ते. असं भाषण झालेलंच नाही! मेकॉले जून १८३४ मध्येच मद्रासला उतरला होता आणि त्या तारखेला कलकत्त्यात होता. माझं मत स्पष्ट आहे: नेटवरचे संदर्भ बंद. वाचनालयात जा, पुस्तक काढा, पान क्रमांक लिहा.

तळटीप: सर, अजिबात पटलं नाही. त्याच तारखेचं मेकॉलेचं शिक्षणविषयक टिपण नेटवर अख्खं वाचायला मिळतं. युरोपीय ग्रंथालयाचा एक कप्पा भारत नि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाला भारी, असं त्यात लिहिलंय. वर स्वतःला संस्कृत-अरबी येत नसल्याची कबुलीही आहे. हे वाचल्यावर ती स्तुती त्याच्या तोंडी शोभते का? आमच्या तालुक्याच्या वाचनालयात हे टिपण कुठून मिळणार? उलट ते खोटं अवतरण मी छापील पुस्तिकेत पाहिलंय, पान क्रमांकासकट देता येईल.

शाळामास्तर: पुस्तिकेचं मान्य. पण चौदा वर्षांचं पोर पहिली लिंक उघडून उतरवून काढतं. सात साइट म्हणजे सात पुरावे, असं त्याला मनापासून वाटतं.

इतिहासाच्या बाई: मग तेच शिकवा ना! मी वर्गात असे उतारे शेजारी शेजारी लावायला सांगते. तेच शब्द, स्वल्पविरामाची तीच चूक. साक्षीदार एकच, बाकीचे नकलणारे, हे मुलंच ओरडून सांगतात. संसदेतलं भाषण म्हटलं की हॅन्सार्ड, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कामकाजाची नोंद, बघायचं; १८०३ पासूनचं कामकाज नेटवर खुलं आहे. इंग्रजी जड जात असेल तर आधी मराठी विश्वकोश. तिथे नोंदीखाली लेखकाचं नाव असतं.

वाटसरू: बाई, विश्वकोशही जपूनच. पहिला खंड १९७६ चा. जुन्या नोंदीतली गावाची लोकसंख्या आजची म्हणून प्रकल्पात आली, तर चूक विश्वकोशाची नव्हे, साल न बघणाऱ्याची.

शाळामास्तर: चाळीस मुलं, आठवड्याला इतिहासाचे तीन तास. हॅन्सार्ड कधी दाखवू? बंदी तूर्त राहील. त्या सात मुलांना मात्र उद्या टिपणाची प्रत देतोय. अवतरण त्यात कुठे आहे, ते त्यांनीच शोधावं.