तुरुंग खासगी कंपनीला चालवायला द्यावा का?

होटगीरोडकर:
लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा वर्गात या विषयावर वादावादी झाली आणि बरीच पोरं बाजूने बोलली. त्यांचं म्हणणं, आपले तुरुंग तुडुंब भरलेत, 2022 अखेर देशात क्षमतेच्या 131 टक्के कैदी होते. सरकार बांधत नाही तर कंपनीला बांधू दे, तीच चालवेल. मला हे पटत नाही, पण नेमकं कुठं खटकतंय ते धड मांडता येईना. जाणकारांनी सांगा.

बाळीवेस:
मी बाजूने आहे. इंग्लंडने 1992 मध्ये वोल्ड्सचा तुरुंग कंपनीकडे दिला, तेव्हापासून तिथं हे चालू आहे. इमारत लवकर उभी राहते, आणि करारात लिहिलेलं काम झालं नाही तर दंड लावता येतो. आपल्याकडं कैद्याला नीट जेवण मिळालं नाही तर दंड कुणाला लावणार?

सेटलमेंटची लेक:
बाळीवेस दादा, दंडाचं म्हणता ते कागदावर ठीक आहे. पण त्याच इंग्लंडमध्ये 2018 ला बर्मिंगहॅमचा तुरुंग इतका हाताबाहेर गेला की सरकारला तो जीफोरएस कंपनीकडून काढून घ्यावा लागला.

माझं घर सोलापूरच्या सेटलमेंटातलं, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवलेल्या वसाहतीतलं. आज्जा तारेच्या कुंपणाआत जन्मला. त्याने काही केलं नव्हतं, जमातच गुन्हेगार ठरवलेली. हजेरी द्यायची, गिरणीत जायचं, सुटी झाली की परत हजेरी. म्हातारपणीसुद्धा कुणी मोठ्याने नाव घेतलं की तो आधी उठून उभा राहायचा, मग बघायचा कोण आहे. माणसं तारेत होती म्हणून गिरणीला कामगार आयते मिळत होते. मद्रास इलाख्यात तर अशा वसाहती सरकारने साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेकडे चालवायला दिल्या होत्या, स्टुअर्टपुरम त्यातलंच. 1952 ला तो गुन्हेगार जमाती कायदा गेला तेव्हा कुठं ही माणसं सुटली.

म्हणून मला पहिला प्रश्न पडतो, माणूस आत राहिल्याने पैसा कुणाला मिळतो? अमेरिकेत बहुतेक करारांत कंपनीला दर कैद्यामागे रोजचे पैसे मिळतात. कितीतरी करारांत लिहिलेलं असतं की इतक्या टक्के खाटा भरलेल्या राहतील, रिकाम्या राहिल्या तरी पैसे सरकारने भरायचे. अ‍ॅरिझोनात तर 100 टक्क्यांची हमी दिलेली होती. पेनसिल्व्हेनियात दोन न्यायाधीशांनी खासगी बालसुधारगृहाच्या बिल्डर आणि मालकाकडून 28 लाख डॉलर घेतले, आणि किरकोळ चुकांसाठी पोरं आत जात राहिली. त्यातल्या एकाला 2011 मध्ये 28 वर्षांची शिक्षा झाली, पण त्या पोरांची वर्षं कोण देणार?

आपल्याकडं चारातले तीन कैदी कच्चे आहेत, खटला अजून संपलेला नाही. त्यांना लवकर जामीन मिळावा असं त्या कंपनीला का वाटेल, सांगा.

होटगीरोडकर:
ताई, हेच मला म्हणायचं होतं. पण जेवण, धुणं, दुरुस्ती कंपनीकडे आणि पहारा सरकारकडे, असं केलं तर?

वकील, सात रस्ता:
फ्रान्समध्ये तसंच आहे आणि त्याला माझा फारसा विरोध नाही. कुलूप मात्र सरकारच्याच हातात पाहिजे. 2009 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथला पहिला खासगी तुरुंग सुरू होण्याआधीच रद्द केला. आठ न्यायाधीश एका बाजूला, एक विरोधात. कोर्टाने कंपनी वाईट वागेल याची वाट पाहिली नाही. नफ्यासाठी माणसाला कोंडणं हाच त्याच्या प्रतिष्ठेवर घाव आहे, असं सांगितलं.

आणि गर्दीचंच म्हणाल तर नव्या भिंती हे शेवटचं औषध. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्याचं, कलम 479 वाचा. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले सोडून), आणि त्यासाठी तुरुंग अधीक्षकानेच कोर्टाला लेखी कळवायचं. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत औंध संस्थानच्या काळापासून आहे, कैदी तिथं कुटुंबासह राहून शेती करतात. तीही एकदा बघून या.

तुमचं शेवटचं वर्ष आहे ना? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या. 479 मध्ये कोण कोण बसतं त्याच्या याद्या करायला माणसं कमी पडतात.