अण्णांची ८४ ची पद्मिनी : चालू करावी का भंगारात द्यावी?

गोदाकाठचा :
राम राम मंडळी. अण्णांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, आमच्याकडं सगळे फियाटच म्हणायचे, परभणीजवळ गावाकडं गोठ्याशेजारी पत्र्याखाली १४ वर्षं उभी हाय. आत कडबा अन् कोंबड्या. दिवाळीला बॉनेट उघडलं तर इंजिन जाम नव्हतं, हातानं पुली फिरली, तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय. मिस्त्री म्हणतो इंजिन बांधून, पत्र्याचं काम, लांबी (खड्डे भरायची पुट्टी), कलर धरून दीड-दोन लाख. धाकटा भाऊ म्हणतो वाटणीत कुणीच मागितली नाही त्या गाडीवर आता कशाला पैसे घालायलास. मला तर करावी वाटायलंय.

कापूसकोंडा :
भाऊ बरोबर बोलायलाय. दोन लाखात रानात ठिबक होतंय राव. वरून २० वर्षांवरच्या कारला नोंदणी नूतनीकरणाची फीच २०२५ पासून १० हजार झाली, व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीत घालावी म्हणाल तर त्याला ५० वर्षं लागतात म्हणजे २०३४ उजाडंल, आणि तसली गाडी रोज फिरवताही येत नाही. चाळीस हॉर्सपॉवर, एसी नाही, मे महिन्यात ४३ डिग्रीला कोण बसणार? फोटो फ्रेम करून लावा.

जुना_गिअर :
४३ डिग्रीला बसलोय की आम्ही! पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटून, तापला की पेट्रोलची वाफ व्हायची अन् गाडी बंद. वडील पंपावर ओलं फडकं टाकायचे, तेवढ्यात आई डबा सोडायची, दहा मिनटात परत चालू. असो. कोरड्या हवेत उभी होती हे नशीब, मुंबईत असती तर एवढ्यात चाळण झाली असती. पण ह्या गाडीला वेगळी चासी नसती, पत्राच सगळा भार घेतो, म्हणून आधी खालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. मिस्त्री कलरच्या गप्पा मारायला लागला की समजायचं पत्रा लांबीनं झाकणार.

उसाचं_चिपाड :
अन् टाकीचं काय? आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा सगळं खराब करतंय, इथेनॉल पाणी पण ओढतं म्हणून उभ्या गाडीची टाकी आतून गंजती. आपलाच ऊस आपलीच फियाट खाणार 😀 पाइप आधी बदला.

माहेरवाशीण :
"वाटणीत कुणीच मागितली नाही" हे वाचून थांबले. बहिणीला विचारलं होतं का? आमच्या वडलांची जीप विकल्यावर मला कळलं, तेही लग्नात, कुणीतरी सहज बोललं म्हणून. हक्कसोडवर सही घ्यायला मात्र बरोबर फोन आला होता.

कापूसकोंडा :
ताई, विषय गाडीचा चाललाय.

माहेरवाशीण :
गाडीचंच बोलायले दादा.

गोदाकाठचा :
खरं सांगतो, नव्हतं विचारलं. काल अक्काला फोन केला. ती म्हणली कर, पण पांढरी करू नको, गाडी आली तेव्हा फिकट निळी होती, तू लहान होतास, पांढरी अण्णांनी नंतर मारली. माझा विश्वास बसंना. आज गावाकडं जाऊन दाराच्या बिजागरीजवळ खरडलं, खाली निळाच. मला आठवती ती पांढरी, भाऊ तर म्हणायलाय निळी मी बघितलीच नाही.

जुना_गिअर :
कंपनीचा तोच खरा. निळा करा.

कापूसकोंडा :
का म्हणून? अण्णांनी स्वतः पांढरा मारला ना? मग पांढराच.

उसाचं_चिपाड :
कापूसकोंडाभाऊ, तुम्ही तर भंगारात घालायलाव्ता की 😂