मदत हवी आहे: ईमेलने पाठवलेला पॅच पलीकडे लागतच नाही (अर्जंट)

घाईत_आहे_मी | मंगळवार, सायं. ६:१२
सकाळपासून तीनदा पॅच (कोडमधल्या बदलांची फाईल) पाठवला. तिन्ही वेळा मेंटेनरचं (म्हणजे तिथे पॅच तपासून घेणाऱ्याचं) एका ओळीचं उत्तर: मोकळ्या जागांची वाट लागली आहे, लागत नाही, नीट पाठवा. माझ्या मशीनवर हाच पॅच मक्खन लागतो, मग त्यांच्याकडेच का नाही? बदल पण काही मोठा नाही. आज रात्रीपर्यंत जायलाच हवा. कुणी केलंय का हे? सेटिंग कुठे असतं तेवढं सांगा.

सायनचा_सुदामा | ६:२०
कुठलं सेटिंग? कुठला प्रोजेक्ट? पॅच कशाने बनवला, कशाने पाठवला? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणण्यातला प्रकार झाला हा.

पुलवाली_पार्लेकरीण | ६:२७
गिटहबच्या साइटवर फोर्क करा (म्हणजे स्वतःची प्रत काढा), पुल रिक्वेस्ट टाका (माझे बदल घ्या अशी विनंती), विषय संपला. ईमेलने कोड कोण पाठवतं अजून? आमच्या ऑफिसात इंटर्नसुद्धा पहिल्या दिवशी पुल रिक्वेस्ट टाकतो.

टॅबवाले_तात्या | ६:४१
पार्लेकरीणबाई, मेंटेनर 'लागत नाही' म्हणतोय म्हणजे बहुतेक लिनक्स कर्नल, लिनक्सचा गाभा. तिथे गिटहबवर पुल रिक्वेस्ट टाकलीत तर तिच्याकडे कुणी बघणार नाही. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) २००५ मध्ये लिहिलं गेलं तेव्हा मेलमधून येणारे पॅच झपाझप लावता यावेत हाही एक हेतू होता. 'गिट एएम'मधला एएम म्हणजे मेलबॉक्समधून लावणे.

धागाकर्ते, तुम्ही सुदामाच्या प्रश्नांना उत्तर द्या आधी.

घाईत_आहे_मी | ६:५८
हो कर्नलच, अजून काय असणार. ड्रायव्हर आहे. 'गिट फॉरमॅट-पॅच'ने फाईल काढली. मग फाईल उघडून सगळं कॉपी केलं, जीमेलमध्ये पेस्ट केलं, विषयाच्या जागी विषय टाकला आणि पाठवलं. पाठवलेल्या मेलमध्ये बघितलं, सगळं जागच्या जागी दिसतंय. एक कॉमासुद्धा इकडचा तिकडे नाही.

सायनचा_सुदामा | ७:०१
सापडला चोर.

टॅबवाले_तात्या | ७:२३
तुमच्या डिस्कवरची फाईल आणि त्यांच्याकडे पोचलेली मेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तुम्ही लावून बघताय ती फाईल. ते लावून बघतायत ती मेल. जीमेलचं ब्राउझरमधलं पान मधल्या मध्ये तीन उद्योग करतं, आणि डोळ्याला त्यातलं काही दिसत नाही.

एक, टॅबच्या स्पेस करतं. डिफमध्ये (पॅचमधल्या बदलांच्या यादीत) नव्या ओळीपुढे अधिक, काढलेल्या ओळीपुढे उणे आणि न बदललेल्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस असते आणि तिच्यानंतर कोडचा स्वतःचा टॅब. कर्नलमध्ये इंडेंट टॅबनेच करतात, आठ रकान्यांचा. तुमच्या मेलमध्ये त्या टॅबच्या जागी निव्वळ स्पेस पोचल्या. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण 'गिट एएम' ती ओळ मूळ फाईलशी ताडून बघतं, तिथे टॅब, इथे स्पेस, जुळत नाही. झालं.

दोन, लांब ओळ ७८ अक्षरांवर मोडतं. मोडलेला तुकडा नव्या ओळीवर येतो, त्याच्यापुढे ना अधिक, ना उणे, ना स्पेस. मग 'अमुक ओळीवर पॅच खराब' अशी एरर.

तिसरं सांगण्याआधी एक प्रश्न. तुमच्या जीमेलच्या सहीत मराठी अक्षरं आहेत का?

घाईत_आहे_मी | ७:३०
आहेत. नाव आणि खाली 'कळावे'. त्याचा काय संबंध??

टॅबवाले_तात्या | ७:३६
इंग्रजीबाहेरचं एक जरी अक्षर असलं की तेच पान अख्खी मेल बेस६४ करून, म्हणजे सांकेतिक अक्षरांत बदलून पाठवतं. मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांतून मूळ स्वरूप बघा. तुमच्या कोडच्या जागी अक्षरांचा भाताचा ढीग दिसेल. 'कळावे'ने घात केला.

घाईत_आहे_मी | ७:४२
बापरे. खरंच ढीग आहे. सकाळपासून हा ढीग पाठवतोय मी त्यांना.

चर्चगेट_फास्ट | ७:४५
एवढं कशाला, पॅचची फाईल सरळ अटॅच करायची. मी एका प्रोजेक्टला तशीच पाठवायचो, कुणी काही बोललं नाही.

टॅबवाले_तात्या | ७:५२
तुमच्या प्रोजेक्टात चालत असेल, इथे नाही. पॅच मेलच्या अंगात लागतो, कारण समोरचा त्यातली ओळ उचलून तिच्याखालीच शेरा मारतो. अटॅचमेंटमधली ओळ कशी उचलणार?

पुलवाली_पार्लेकरीण | ७:५५
हेच तर! ओळीखाली शेरा मारायची सोय पुल रिक्वेस्टमध्ये असतेच की. आणि गिटच्या स्वतःच्या प्रोजेक्टसाठी गिटगिटगॅजेट नावाची सोय आहे, पुल रिक्वेस्ट टाकली की ती पॅचच्या मेल करून पाठवते. म्हणजे गिटवाल्यांनासुद्धा हे जड जातं.

टॅबवाले_तात्या | ८:०३
मान्य. पण ती सोय गिटसाठी आहे, धागाकर्त्यांच्या ड्रायव्हरसाठी नाही. 'पॅच' हा प्रोग्रॅम लॅरी वॉलने १९८५ मध्ये लिहिला. म्हातारा आहे, पण रोज कामावर जातो. माझ्यासारखाच.

सायनचा_सुदामा | ८:१०
तात्या आणि पार्लेकरीण, तुम्ही चहाला बसा. धागाकर्ते, 'गिट सेंड-ईमेल' वापरा. तो मधल्या कुठल्या पानाला हात लावू न देता थेट मेल सर्व्हरशी बोलतो. उबंटू असेल तर 'ही गिटची कमांडच नाही' असं तोंडावर सांगेल, कारण तिथे 'गिट-ईमेल' हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. सर्व्हर एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ५८७, एन्क्रिप्शन टीएलएस. (कमांड मराठीत लिहितोय, टर्मिनलमध्ये इंग्रजीत टाका, नाहीतर उद्या नवा धागा काढाल.)

घाईत_आहे_मी | ८:४४
केलं सगळं. आता एरर ५३५, युजरनेम-पासवर्ड मान्य नाही. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, त्याच पासवर्डने आत्ता जीमेल उघडलंय. डोक्याला शॉट झालाय.

चर्चगेट_फास्ट | ८:४७
ऑफिसच्या वायफायवर आहात का? आमच्याकडे ५८७ बंद असतं. फोनच्या हॉटस्पॉटवरून करून बघा.

सायनचा_सुदामा | ८:५०
पोर्ट बंद असता तर ५३५ पर्यंत पोचलेच नसते. सर्व्हर दार उघडून 'तू कोण' म्हणतोय म्हणजे पोर्ट उघडंच आहे. गुगलने २०२२ च्या मे महिन्यात नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रॅमसाठी बंद केला. आधी खात्यावर टू-स्टेप चालू करा, मग ॲप पासवर्ड बनवा. १६ अक्षरं मिळतील, चार-चारच्या गटात. मधल्या मोकळ्या जागा काढून तो टाका.

माहीमची_मीना | ८:५८
जीमेलचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझ्या बाबांचं खातं टू-स्टेप लावल्यापासून उघडत नाही, कोड जुन्या नंबरवर जातो आणि तो नंबर बंद केलाय. काय करावं? त्यात विजेची बिलं येतात.

चर्चगेट_फास्ट | ९:०२
ताई, वेगळा धागा काढा.

माहीमची_मीना | ९:०३
काढला होता. कुणी उत्तर दिलं नाही.

ऐरोलीचा_आप्पा | ९:१५
माझा अनुभव. मी ऑफिसच्या मेल आयडीवरून पाठवला होता. कंपनीचा सर्व्हर प्रत्येक मेलखाली आपोआप चिकटवतो, 'हा मजकूर गोपनीय आहे, तुमच्यासाठी नसल्यास नष्ट करा'. मेंटेनरने लिहिलं, बरं, नष्ट केला. अक्षरशः तेवढंच. तेव्हापासून पॅच घरच्या आयडीवरून, आणि त्यासाठी साहेबांची लेखी परवानगी. कारण पॅचमधली साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ शोभेची नाही, हा कोड द्यायचा हक्क मला आहे असं त्यात तुम्ही लिहून देताय.

टॅबवाले_तात्या | ९:२२
आप्पांचं सोळा आणे खरं. आणि धागाकर्ते, पाठवण्याआधी ही पायरी चुकवू नका: पहिली मेल स्वतःलाच पाठवा. आलेली मेल मूळ स्वरूपात उतरवून घ्या आणि नव्या कोऱ्या ब्रँचवर 'गिट एएम'ने ती उतरवलेली मेल लावा. डिस्कवरची फाईल नको, मेल. ती लागली तर जगात कुठेही लागेल. शंका आली तर 'कॅट -ए' करून बघा, टॅबच्या जागी टोपीवाला आय (^I) दिसला पाहिजे.

ड्रायव्हर कसला आहे? नेटवर्कचा असेल तर आणखी दोन नियम आहेत, म्हणून विचारतो.

घाईत_आहे_मी | १०:०५
स्वतःला पाठवला, लागला!!! टोपीवाला आय पण दिसला. तात्या, तुम्ही देवमाणूस. आता निघतो, ट्रेनमध्ये बसून तिन्ही पाठवतो.

सायनचा_सुदामा | १०:०७
तिन्ही??

टॅबवाले_तात्या | १०:०८
तीन पॅच आहेत हे आत्ता सांगताय? थांबा. तिनांची मालिका म्हणजे कव्हर लेटर (मालिकेची ओळख करून देणारी पहिली मेल) हवं, शून्य बटा तीन. फॉरमॅट-पॅचला '--कव्हर-लेटर' द्या आणि त्यात तुमच्या शब्दांत लिहा. विषयाच्या कंसात दुसरी आवृत्ती हेही यायला हवं, '-व्ही२' दिलं की येतं. आधीपासून काय बदललं ते पॅचमधल्या तीन डॅशच्या रेघेखाली लिहा. तिथलं कमिट मेसेजमध्ये जात नाही, फक्त वाचणाऱ्याला दिसतं. आणि ड्रायव्हर कसला?

चर्चगेट_फास्ट | १०:१५
व्ही२ कसं? तीनदा पाठवलाय, म्हणजे हा व्ही४.

टॅबवाले_तात्या | १०:१९
कोड बदलला का मधे? नाही. तीनदा तोच ढीग गेला. व्ही२.

चर्चगेट_फास्ट | १०:२१
मोजायचं तर मोजायचं. गेलेली प्रत्येक मेल ही आवृत्ती. मेंटेनरने तीन वेळा उत्तर दिलंय, त्याच्या लेखी तीन झाल्या.

सायनचा_सुदामा | १०:२४
व्ही२ टाका आणि कव्हर लेटरमध्ये कबूल करा की आधीच्या तीन मेल बिघडलेल्या होत्या, कोड तोच आहे. मेंटेनर माणूस आहे, समजून घेतो.

घाईत_आहे_मी | ११:१२
पोपट झाला. रात्रीची फास्ट, ठाण्याला बसायला मिळालं, मांडीवर लॅपटॉप, फोनचा हॉटस्पॉट. 'सगळ्या पाठवू का' विचारलं, मी ए दाबला. शून्य गेली, एक गेला, दोन गेला आणि पारसिकच्या बोगद्यात नेटवर्क गेलं. तिसरा अडकला. परत सगळं पाठवू का? डोंबिवली आली, उतरतोय.

कळव्याचा_कावळा | ११:१८
कसला पारसिक? २०२२ मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यापासून फास्ट लोकल कळव्या-मुंब्र्याकडून जातात, बोगद्यातून मेल-एक्सप्रेस. रोजचे प्रवासी म्हणवता आणि खिडकीबाहेर बघत नाही.

घाईत_आहे_मी | ११:२१
अहो काका, मी स्क्रीनकडे बघत होतो. मुंब्रा तर मुंब्रा. तिसरा पॅच कसा पाठवू ते सांगा!

सायनचा_सुदामा | ११:२९
परत सगळं पाठवू नका!! फक्त तिसरी फाईल. टर्मिनलमध्ये वर सरका, प्रत्येक मेलचे हेडर छापलेले असतील. शून्य बटा तीनचा मेसेज-आयडी उचला आणि '--इन-रिप्लाय-टू'ला तो देऊन तिसरी फाईल पाठवा. म्हणजे ती त्याच साखळीत जाऊन बसेल. आणि घरच्या वायफायवरून करा.

घाईत_आहे_मी | ११:५६
गेला. साखळीत बसला. जेवायला बसतोय आता, आई ताट झाकून झोपली.

टॅबवाले_तात्या | बुधवार, सकाळी ७:०५
छान. पण ड्रायव्हर कसला ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

घाईत_आहे_मी | बुधवार, दुपारी १:३३
इथरनेटचा. का?

टॅबवाले_तात्या | दुपारी १:४०
म्हणजे नेटवर्कचाच. काल दोनदा विचारलं. तिथे विषयाच्या कंसात 'नेट' की 'नेट-नेक्स्ट' ते लिहावं लागतं: जुनी चूक दुरुस्त करत असाल तर पहिलं, नवीन काही असेल तर दुसरं. आणि तीच मालिका २४ तासांच्या आत पुन्हा पाठवायची नाही असा त्यांचा लेखी नियम आहे. तुम्ही काल एका दिवसात चारदा धडकलात.

घाईत_आहे_मी | सायं. ५:५०
मेंटेनरचं उत्तर आलं. पॅच लागले म्हणे!!! तीन पॅच, तिन्ही स्वच्छ. पण लगेच दोन शेरे. एक तुमचाच, कंसात नेट-नेक्स्ट नाही. दुसरा, दुसऱ्या पॅचमधली व्हेरिएबल 'उलट्या ख्रिसमस ट्री'त लावा. हे काय आता?

सायनचा_सुदामा | ५:५८
फंक्शनच्या सुरुवातीला व्हेरिएबल जाहीर करता ना, त्या ओळी लांबीप्रमाणे. सर्वांत लांब वर, सर्वांत आखूड खाली. नेटवर्कवाल्यांची पद्धत आहे ती.

पुलवाली_पार्लेकरीण | ६:०४
आणि मी पुल रिक्वेस्ट म्हटलं की मला हसता.

टॅबवाले_तात्या | ६:०६
बाई, हा शेरा तुमच्या पुल रिक्वेस्टवरही आला असता.

घाईत_आहे_मी | ६:१०
दोन मिनिटांचं काम आहे, केलंसुद्धा. व्ही३ आत्ता पाठवू?

टॅबवाले_तात्या | ६:११
शेवटची मेल किती वाजता गेली?

घाईत_आहे_मी | ६:१३
रात्री ११:५४.

टॅबवाले_तात्या | ६:१४
मग जेवून घ्या आज वेळेवर.

माहीमची_मीना | ६:३०
बाबांच्या जीमेलचं कुणी बघेल का आता?